एका माणसामागे बेचाळीस हजार

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या सोमवारी आमच्या जालन्याच्या पतसंस्थेने नऊ लाख साठ हजारांचा खर्च मंजूर केला. हजर पाच जण: अध्यक्ष, दोन संचालक, इंजिनिअर आणि सचिव म्हणून मी.

आमचं ऑफिस म्हणजे निजामाच्या काळातली जकातीची कचेरी. दगडी कमान, सागवानी तुळया आणि दिवसाही अंधारी देवडी. तिथे काचेचं दार, सोफा, मोबाइल चार्जिंगची सोय, जेवायची खोली आणि नवी स्वच्छतागृहं करायची होती. जुनं एकच होतं, मागच्या अंगणात, दाराला कडी नसलेलं.

इंजिनिअरने बायकांसाठी वेगळं दाखवलं होतं. मी हिशेब मांडला. कर्मचारी चौदा, त्यात बाई एकच. पुरुषांच्या दोन्ही स्वच्छतागृहांचा खर्च माणशी सहा हजार, एकट्या बाईंवर बेचाळीस हजार. "हे बसत नाही," मी म्हणालो. अध्यक्षांनी मान डोलावली. त्या पैशांत देवडीला ग्रॅनाइट बसलं. आकडे चोख निघाले म्हणून मी खुशीत घरी गेलो. माझ्या घरात माणसं चार आणि संडास दोन. मुलगी मोठी झाली तेव्हा दुसरा बांधला. तेव्हा काही भागाकार केला नव्हता.

उद्घाटनाला शेजारपाजारचे आले. मागच्या गल्लीतल्या आपा, शिवणकाम करणाऱ्या, पेढा घेऊन आमच्या बाईंना हसत म्हणाल्या, "अब तो तुम्हारा नया बन गया. मेरे घर काहे को आते अब?"

"आपा, इथं सोफा झाला," बाई म्हणाल्या. "माझं तुमच्याकडंच."

मी पेढ्यांचं ताट धरून बाजूलाच होतो. नऊ वर्षं त्या दुपारच्या सुट्टीत कुठे जातात, हे मी कधी विचारलं नव्हतं. उशीर झाला की रजिस्टरला लाल खूण मात्र करत होतो.

संध्याकाळी त्यांना विचारलं, मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?

"हजर पाचच होते ना साहेब. मी तर लिहून राह्यले होते."

खरंच होतं. आमच्याकडे इतिवृत्त लिहिणाऱ्याला हजेरीत धरत नाहीत. माझं ते वाक्य, बेचाळीस हजारांसकट, त्यांनीच सुवाच्य अक्षरात उतरवलं होतं. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

पुढच्या बैठकीत मी माझी चूक सांगितली आणि हजर सहा लिहायला लावले. अध्यक्ष म्हणाले, आता ग्रॅनाइट खायचं का? तरी बाईंच्या स्वच्छतागृहाला मंजुरी दिली.

आपांकडे दोन हजार घेऊन गेलो. त्यांनी मशीन थांबवलं नाही. "पानी के पैसे लेते क्या हम?" म्हणाल्या. ते परत आणले.

गवंड्याला शेवटी एक्कावन्न हजार तीनशे दिले. बेचाळीस संस्थेचे. नव्या फरश्या फोडून पुन्हा बसवायचे नऊ हजार तीनशे मी माझ्या खिशातून भरले.