विश्राम खांबेट्यांचा जावई आणि गाजर

दोन हजार आठच्या दिवाळीत हॅरिस पार्कच्या परदेशातल्या देशी वस्तीत फराळापेक्षा एक बातमी जास्त खपली. वेस्टमीडच्या विश्राम खांबेटेने होणाऱ्या जावयाला हॉक्सबरी नदीत बुडवायचा प्रयत्न केला! मिठाईच्या दुकानातला उल्हास जिलबी तोलता तोलता आवाज खाली आणून सांगायचा, "बोटीचं बूच स्वतः काढून खिशात घातलं होतं म्हणे." आणि मग समोरच्याच्या तोंडाकडे बघत वजनात दोन वळसे कमी टाकायचा.

विश्राम म्हणजे हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करणारा इंजिनियर. इथे आल्यापासूनच्या सतरा वर्षांत त्याने आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नाही. पन्नाशीला त्याने चौदा फुटी अॅल्युमिनियमची जुनी बोट घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'आस्ते कदम'. बायको नीला म्हणाली, "नावाप्रमाणे वागली म्हणजे मिळवली."

वागली नाही. पहिल्याच शनिवारी तो बोटी नदीत सोडायच्या रॅम्पवर ट्रेलर असा काही आडवा घालून बसला, की मागे अकरा गाड्या तुंबल्या. दुसऱ्या महिन्यात धक्क्याला बांधलेला दोर न सोडताच त्याने इंजिन पळवलं. बोट जागच्या जागी गुरगुरत राहिली आणि धक्क्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकदा ओहोटीत वाळूवर रुतला तो थेट पाच तास. भरती येईपर्यंत बसल्या बसल्या किलोभर चिवडा संपवला आणि घरी येऊन म्हणाला, "मासे नव्हते आज."

त्यानंतर त्याच्यातल्या इंजिनियरने उचल खाल्ली. त्याने एकतीस कलमांची यादी केली, प्लास्टिकमध्ये मढवली आणि बोटीत टांगली. पहिलं कलम, बूच. बोटीच्या मागे, अगदी तळाशी, आत साचलेलं पाणी काढायला एक भोक असतं. त्याला फिरकीचं बूच. बोट धुऊन झाली की विश्राम ते तिथल्या तिथे परत घट्ट बसवायचा. रॅम्पवर दोर विसरलेल्याला हसून सोडून देतात. बूच विसरलेल्याचा मात्र उद्धार पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

आता जावयाकडे येऊ. त्या वर्षांत स्टेशनात थांबणारी प्रत्येक ट्रेन हॅरिस पार्कात आपली पोरं ओतून जायची. एकेका फ्लॅटमध्ये सात-सात जण, आणि त्यातले चार कुकरी शिकणारे, कारण त्या कोर्सवर पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळते अशी हवा होती. निनाद त्यातलाच. सांगलीचा, बी. कॉम. झालेला, दिवसा पॅरामॅटाच्या कॉलेजात बटाटे कापायला शिकायचा आणि संध्याकाळी एका रेस्टॉरंटात खरोखरच बटाटे कापायचा. विश्रामची एकुलती एक निहारिका फार्मसिस्ट. तिला हाच पसंत.

"कांदे-बटाटे चिरायला माणूस सात समुद्र ओलांडून येतो?" विश्राम नीलाला म्हणाला. "त्याला मुलगी नको आहे. पीआर हवी आहे."

निहारिकाने बापाला स्वच्छ सांगितलं, "बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी पळून वगैरे जाणार नाही. पण दुसऱ्या कुणाशी लग्नही करणार नाही. इट्स युअर कॉल." म्हणजे सगळी भिस्त विश्रामच्या एका शब्दावर. सांगलीची माणसं दिवाळीआधी फोनची वाट बघत होती.

विश्राम म्हणाला, "शनिवारी आण त्याला. माणूस पाण्यात कळतो." हे वाक्य तो देवळाच्या आवारात चार माणसांसमोर बोलला, हीच त्याची चूक. उल्हास त्या चारांत होता.

शनिवारी सकाळी सगळे रॅम्पवर. नीला आणि निहारिका झाडाखालच्या बाकावर बसल्या. नीलाने पोळ्या, भाजी, दही, सुरी आणि अख्खी गाजरं दिली होती. "चिरून दिली की सुकतात. कोशिंबीर तिथेच करा. येते ना रे तुला?"

"काकू, दीड वर्ष तेच करतोय," निनाद म्हणाला.

निहारिका बापाच्या कानाशी पुटपुटली, "बी नाइस, ओके?"

लाइफ जॅकेटं चढवून झाल्यावर निनाद यादी वाचायला लागला. "एक, बूच."

"ते असतंच. पुढे वाच."

"दोन, इंधन."

एकतीस कलमं झाली आणि 'आस्ते कदम' पाण्यात गेली. बोट वेगात असताना या भोकातून पाणी आत येत नाही, उलट असलेलंही बाहेर खेचलं जातं. त्यामुळे सगळं कसं छान चाललं होतं. मैलभर गेल्यावर विश्रामने इंजिन बंद केलं, गळ टाकला आणि उलटतपासणी सुरू केली.

"पीआर नाही मिळाली तर काय करणार?"

"सांगलीला जाऊन हॉटेल काढीन."

"आणि माझी मुलगी?"

"तिला विचारलंय. ती म्हणाली, सांगलीलाही औषधं लागतात."

विश्रामला हसू येत होतं, पण त्याने ते गिळलं. तेवढ्यात त्याचे पाय गार पडले. खाली बघतो तर घोटाभर पाणी, आणि पोळ्यांचा डबा त्यात तरंगतोय. इंजिन सुरू करायला गेला तर ते दोनदा खोकलं आणि गप्प झालं. विश्राम यादी हातात घेऊन वरून खाली वाचू लागला. 'बोट बुडत असल्यास' असं कलम एकतिसांत कुठेच नव्हतं.

"काका, भोक कुठे आहे?" निनादने विचारलं.

विश्रामने नुसतं बोटाने मागच्या तळाकडे दाखवलं. निनाद गुडघ्यांवर बसला, पाण्यात हात घालून भोकाचा अंदाज घेतला, मग गाजर आणि सुरी उचलली. पाच-सहा वेळा सुरी फिरली असेल. गाजराचं एक टोक निमुळतं, दुसरं जाड, आणि बाजू अशा गुळगुळीत की कॉलेजातल्या मास्तरने शंभर मार्क दिले असते. ते भोकात दाबलं आणि वरून भाजीच्या डब्याच्या बुडाने ठोकलं. पाणी थांबलं. मग भाजी एका पिशवीत ओतून त्याच डब्याने पाणी उपसायला लागला.

"काका, तुम्ही दह्याचं भांडं घ्या."

आणि खांबेटे साहेबांनी मुकाट्याने दह्याचं भांडं घेतलं.

अर्ध्या तासाने इंजिन रागवत रागवत सुरू झालं. दोघं रॅम्पवर आले ते कमरेपर्यंत भिजलेले. ट्रेलरवर चढलेल्या बोटीच्या मागे केशरी गाजर चमकत होतं. रॅम्पवरचा म्हातारा केव्हिन, ज्याच्या तोंडून बातमी सगळ्या नदीभर जाते, तो वाकून बघत ओरडला, "बूच कोण विसरलं, मेट?"

विश्रामचे कान लाल झाले. निनादने इंग्रजीत सांगितलं, "मी. काकांनी मला तपासायला सांगितलं होतं. माय फॉल्ट."

केव्हिन हसला, चार जण हसले, कुणीतरी त्याला 'कॅरट' म्हणून हाक मारली. निनादही हसला. निहारिका धावत आली आणि एकदा बापाकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर मायलेकींचा डोळा लागला. विश्राम हळूच म्हणाला, "यादी तू वाचलीस. 'असतंच' मी म्हणालो."

"हो काका."

"मग?"

"तुम्हाला दर शनिवारी तिथे जायचंय. मला नाही."

घरी पोचल्यावर कपडेही न बदलता विश्रामने सांगलीला फोन लावला आणि निनादच्या वडिलांना म्हणाला, "मुलगा पसंत आहे. तारीख तुम्ही काढा." निहारिका रडली, नीला रडली, आणि निनाद ओल्या चपला हातात धरून दारातच उभा राहिला.

केव्हिनची गोष्ट हॅरिस पार्कात पोचली, पण कुणाला पटेना. एकतीस कलमं लिहिणारा माणूस बूच दुसऱ्यावर सोपवेल? आणि बोटीत ते सापडलं का नाही? उल्हासने दोन आणि दोन पाच केले. लोक विश्रामला म्हणायचे, "काय परीक्षा घेतलीत राव!" विश्राम मिश्या नसताना मिश्यांवरून हात फिरवायचा. वेंधळा म्हणवून घेण्यापेक्षा कपटी म्हणवून घेणं त्याला बरं वाटलं.

खरी गोष्ट अशी. शनिवारच्या आधीच्या गुरुवारी दसरा होता. नीलाने शस्त्रपूजेला बोटीचं काहीतरी मागितलं. विश्रामने बूच काढून दिलं आणि परत बसवायला विसरला. शनिवारी ते देवघरात पाटावर होतं, हळदकुंकू लावलेलं.