अर्ध्या कोयत्याचे मामा

मामांची आन् माजी वळख जनावराच्या छावणीत झाली. दुष्काळाचं वरीस होतं. आमच्या गावच्या दूध संस्थेनं माळावर छावणी लावलेली, आन् किसनमामा संस्थेचे चेअरमन. आमची एकच गाय होती. त्या हिवाळ्यात माजे वडील उसाच्या ट्रालीखाली गेलते. नवरा गेलेल्या बाईला सरकार महिन्याला पैसे देतं, त्या निराधाराच्या पगाराच्या कागदासाठी आई तालुक्याला गेलती आन् मी गायीपाशी बसलेली. डोस्क्याचा नुसता गुंता झालता. किती दिवस कुणी इंचरलंच नव्हतं.

मामा चारा वाटत वाटत आले. थांबले. म्हणले, "कुणाची ग तू?"

मी बोलले न्हाई. मी आत्तापन कुनाशी लई बोलत न्हाई, सगळ्यांना म्हाईत हाय.

मामांनी चाऱ्याची पेंडी खाली ठेवली, कुनाकडून तरी फणी मागून आणली आन् माज्या मागं बसले. धोतराचा काठ फाडून दोन फिती केल्या. दोन येण्या घातल्या. असल्या घट्ट, की माजे डोळे वर वढले गेले. मी "आई ग" म्हणले तवा हसले.

"ढिली घातली तं दुपारीच सुटंल. तुजी माय सांजच्याला येणार. तवर टिकाया नगं?"

बाप्या माणसाला येणी कशी येती, हे मला लई दिवस कळलं न्हाई. मंग आईनं सांगितलं. मामांची मंडळी दोन बारक्या पोरी मागं ठेवून वारल्या. त्या काळात मामा सोता निराधाराचा पगार मागायला हापिसात गेलते. तिथला बाबू म्हणला, "बाप्याला कशाचा पगार? दुसरी बायको करा की." मामा म्हणले, "सायेब, मी बायको मागाया न्हाई आलो, लेकरं जगवाया आलो." पगार काय मिळाला न्हाई. दुसरं लगीनबी मामांनी केलं न्हाई. पोरींच्या येण्या घालायला शिकले, भाकरी शिकले, दोघींची लग्नं केली. आन् तवापासून ज्याची बायको गेली का जिचा नवरा गेला, त्याच्यासंगं हापिसात जायचं हे मामांनी आपल्याच आंगावर घेतलं.

आता बाप्याच्या लेकरांनाबी सरकारचे बालसंगोपनाचे पैसे मिळत्यात. पर बाप्येच लाजत्यात. आमच्या गावचे लक्ष्मणकाका मेंढरं वळीत्यात. त्यांची बायको गेली, पोरगी लई ल्हान. मामा त्यांच्या मेंढराच्या वाड्यावर गेले तं काका तोंड फिरवून बसले.

"मी काय बाई हाय का? मला हा पगार कावून?"

"तुला कोण देतंय बे? पोरीला हाय. तू फकस्त अंगठा द्यायचा आन् गप बसायचं."

"लोकं हासतील."

"हासू दे. हासणारा दूध पाजणार हाय का तिला?"

लक्ष्मणकाकांनी अंगठा दिला. हे मी मेंढराच्या वाड्याबाहीर हुभी राहून ऐकलेलं हाय.

आता आमच्या घरचं सांगते. आमच्याकडं ऊस तोडायला जोडीनं जात्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. वडील गेले तसं तोडीला मानसं नेणारा मुकादम म्हणला, "वैनी, अर्धा कोयता घेऊन मी काय करू?" मंग त्यानं माज्याकडं बघितलं. म्हणला, "पोरगी उंच झाली की." तसं मी शाळा सोडली आन् आईचा दुसरा अर्धा झाले. मी त्याचं दुःख करत बसले न्हाई, फडावरच्या पाचटाच्या कोपीत रातच्याला आई आन् मी लई हासायचो. पर माजा भाऊ बाळ्या गावात चुलतीपाशी राहायचा, त्याची शाळा चालू राहावी एवढंच आमच्या दोघींच्या डोस्क्यात होतं.

आईचा पगार चालू झालता, त्यो एक साल बंद पडला. आमी उसाच्या फडातून आलो तवा कळलं. थंडीत तपासणीला मानसं आली, आन् आईच्या नावापुढं लिव्हलं, गावात आढळून आली न्हाई. आमच्यासारख्या आणखी चौघी-पाचजणी होत्या. सगळ्या उसातच की! गरिबी तपासायला आले आन् गरीब गावात न्हाईत म्हणून नावं तोडली.

पोळा झाला तसा मुकादम उचल, म्हंजी तोडीचे आगाऊ पैसे, घेऊन दारात. बाळ्या तवा सहावीत. मुकादमानं त्याचा हात धरून तळवा दाबून बघितला, जसं बाजारात गोऱ्ह्याचे दात बघत्यात. "औंदा दीड कोयता हुईल वैनी."

आई त्या राती जेवली न्हाई. सकाळी दूध घालाया गेली तवा मामांना सगळं सांगितलं. मामा म्हणले, "दसऱ्यापस्तोर उचल घिऊ नको. मला तेवढे दिस दे."

मामा तालुक्याला गेले. आई आन् मी संगं होतो. सायबापुढं मामा खुर्चीत बसले न्हाईत, आमी हुभ्या म्हणून तेबी हुभेच.

"सायेब, तुमची तपासणी येती थंडीत. थंडीत आमच्या गावात कोण असतं, म्हाईत हाय का? म्हातारी मानसं, कुत्री आन् मी."

सायेब हासले. मामा न्हाई हासले.

"दसऱ्याच्या आत या. आन् हापिसात न्हाई, दूध डेअरीवर या. सकाळी दुधाला सगळं गाव येतं, एकपन बाई घरी राहत न्हाई."

सायेब खरंच आले, त्यांचे उपकार मानले पायजेत. डेअरीपुढं टेबल टाकलं. आमी सगळ्या बाया दुधाच्या केटल्या घेऊन रांगेत. मामा एकेकीला पुढं करून म्हणायलेत, "ही बघा. नीट बघून घ्या. पुन्हा म्हणताल सापडली न्हाई." आईची पाळी आली तं आईला लाजंनं नावच सांगता ईना. मागून गयाबाई वरडली, "अग, सांग की, न्हाई तं आढळून आली पर मुकी हाय म्हणून लिव्हतील!" सगळी डेअरी हासली. सायेबबी. आईनंबी नाव सांगितलं.

पर पैसे लगीच येत न्हाईत. दसरा आला, उसाला न्यायची गाडी आली, आन् बँकेत काईच नव्हतं. मुकादम डेअरीवरच आला. "बोला वैनी. गाडी भराया लागली."

आईनं मामांकडं बघितलं. मामा नेहमी बोलत्यात, त्या दिवशी बोलले न्हाईत. दुधाच्या मापाकडं बघत बसले. मला त्यांचा राग आला. आता कळतं, मामांना आईच्या तोंडून ऐकायचं होतं.

आई म्हणली, "आमचा कोयता औंदा न्हाई."

"पगाराच्या भरवशावर का? त्यो आज येतो, उद्या जातो."

"गेला तं मी सोता जाऊन आणीन. आता मला हापीस म्हाईत झालंय."

गाडी आमच्याबिगर गेली. मामांनी मला तिथंच डेअरीत कामाला बसवलं, मशीनवर दुधाची फॅट मोजायला. दिवाळी झाल्यावर आईचा पगार आला, मागून बाळ्याचे बालसंगोपनाचेबी आले. पैसे लई न्हाईत. आई दुसऱ्याच्या शेतात खुरपाया जाती, गाय हाय, माजं काम हाय. असं सगळं मिळून घर चालतंय. बाळ्या आता दहावीत हाय आन् लई शहाणपना करतो. मला म्हणतो, तूबी बाहीरून परीक्षा दे. बघू.

संस्थेनं मामांच्या पंच्याहत्तरीचं पुस्तक काढायचं ठरवलं तवा मास्तर म्हणले, तूबी लिव्ह. मी म्हणले, मला चांगलं लिव्हता येत न्हाई. मास्तर म्हणले, बोलतीस तसं लिव्ह. मी बोलतच न्हाई, तरी लिव्हलं.

मामा, तुमचे गुडघे दुखू नयेत, मोतीबिंदूचं आपरेशन चांगलं व्हावं, आन् तुमाला एवढं आयुष्य मिळावं की बाळ्याच्या लेकरांचे तुमी कान धरावेत. चहात साखर कमी घ्या, डेअरीत बसून मी सगळं बघते.

तुमची बोटं आता थरथरत्यात, येणी घालता येत न्हाई असं तुमी परवा म्हणले. त्याची काळजी करू नका. लक्ष्मणकाकाची पोरगी सकाळी दुधासंगं डेअरीवर येती. तिच्या दोन येण्या मी घालते. ती रोज वरडती, डोळे वढायलेत म्हणती. मी ढिली करत न्हाई. सत्काराच्या दिवशी ती सगळ्यात पुढं बसंल. भाषणं लई लांबली तरी बघा तुमी, सांजपस्तोर सुटायच्या न्हाईत.