कॅनच्या झाकणावरचा डाव

टाकळवाडीच्या दूध संस्थेत एक लोखंडी कपाट होतं. संस्था सुरू झाली तेव्हा कुठल्याशा योजनेतून ते आलं, आणि कपाटाबरोबर थोडी पुस्तकंही आली. गाईंचे आजार, चाऱ्याची वाणं, सहकार म्हणजे काय, असली. चेअरमन मोहनरावांनी हार घालून कपाट उघडलं, टाळ्या झाल्या, कपाट बंद झालं. पुढं कितीतरी वर्षं कुणी त्याची कडी काढली नाही.

काढली ती गीताबाईनं. ती संस्थेत दूध मापायची. सकाळी बायाबापड्या चरव्या घेऊन यायच्या, ही माप घालायची, फॅट बघायची, कॅन भरून ठेवायची. मग बंकटचा ट्रक यायचा आणि कॅन कडा गावच्या शीतकरण केंद्रावर घेऊन जायचा. ट्रक गेला की संध्याकाळच्या दुधापर्यंत तिला काही काम नसे. नवरा, आश्रुबा, मेंढरं चारायला लांब नदीकाठाला गेलेला. पोटी मूल नव्हतं. घरी सासू, सुभद्राबाई, दुपारभर झोपायची. गीताबाई मात्र दुपारी कधी झोपली नाही.

एका दुपारी फडकं शोधायला तिनं कपाट उघडलं. तळाला एक पुस्तक पडलं होतं. त्याला पुढचा पुठ्ठा नव्हता आणि मागची पानं वाळवीनं खाल्ली होती. मधल्या पानांवर चौकटी होत्या. पांढरी घरं, काळी घरं, आणि घरांत बसलेले राजे, उंट, घोडे.

ती जागीच खाली बसली. तिचं माहेर धर्मापुरी. तिथल्या जुन्या देवळाच्या पायऱ्यांवर उन्हाळ्यात माणसं बुद्धिबळाचा पट मांडून बसायची. बाईमाणसानं तिथं थांबायचं नसे. पण लहानपणी पाणी न्यायच्या निमित्तानं ती खांबाआड रेंगाळायची. घोडा अडीच घरं उडी मारतो हे तिला तिथंच कळलं होतं. लग्न होऊन इतक्या लांब आल्यावर देवळाच्या पायऱ्या, ती माणसं, तो घोडा, सगळं जणू दुसऱ्याच कुणाचं झालं होतं. आता ते पुस्तकातून पुन्हा तिच्याकडं बघत होतं.

तिनं पटावरची मोहरी मातीची केली. अर्ध्यांना चुना लावला, अर्धी तशीच काळी ठेवली. सारवलेल्या जमिनीवर कोळशानं पट आखला आणि पुस्तक वाचून एकेक चाल करू लागली. गावाकडं प्यादं पहिल्या चालीला एकच घर जायचं. पुस्तकात ते दोन घरं गेलं, तेव्हा तिला कुणीतरी घाई करतंय असं वाटलं. पण खरा घोळ पुढं झाला. पांढऱ्याच्या चाली नीट बसायच्या. काळा मात्र पहिल्याच चालीला तिच्या सैन्यात येऊन उभा राहायचा. पुस्तकात लिहिलेलं ‘राजाचं चौथं घर’ ती आपल्या बाजूनं मोजत होती. कितीतरी दुपारी ती तशीच अडकून पडली. पुस्तकच चुकलंय असं म्हणून तिनं ते कपाटात ठेवूनही दिलं.

मग एकदा मोहरी तशीच सोडून ती पाणी प्यायला उठली. परत आली ती पटाच्या दुसऱ्या बाजूनं. काळ्यांच्या मागं उभी राहून तिनं खाली बघितलं, आणि तिला एकदम समजलं. काळा आपली घरं आपल्या बाजूनं मोजत होता. ज्याचं घर, त्यानं आपल्या उंबऱ्यापासून मोजायचं.

त्या दिवसापासून ती पांढऱ्याची चाल खेळायची, उठायची, वळसा घालून समोर बसायची आणि काळ्याची खेळायची. सुभद्राबाईनं दारातून हे बघितलं.

“कावून गं, सारखी हिकडून तिकडं बसतीस? कुणाशी बोलतीस?”

“कुणाशी न्हाई आत्याबाई. दोगी बी मीच हाय.”

सासूला काय वाटलं कोण जाणे. ती म्हणाली, “आसू दे. घरात माणसं वाढली म्हणायची,” आणि पुन्हा जाऊन आडवी झाली.

पुस्तकानं तिला डाव कसा उघडायचा ते शिकवलं. आधी मधली घरं धरायची, घोडे लवकर बाहेर काढायचे, वजीर उगाच हिंडवायचा नाही. राजा आणि हत्ती एकाच चालीत जागा बदलतात, राजा कोपऱ्यात सुखरूप जाऊन बसतो, त्या किल्लेकोटाचं तिला फार अप्रूप वाटलं. दूध मापतानाही तिच्या डोळ्यांपुढं पट तरंगायचा. चरवीतून पांढरी धार पडायची आणि तिला वाटायचं, हा उंट तिरपा चाललाय. पण डावाचा शेवट तिला येत नव्हता. तिथवर येऊन पुस्तक संपायचं. पुढं वाळवीची नक्षी.

एका सकाळी ट्रकची वाट बघताना तिनं खडूनं कॅनच्या झाकणावर सहज एक चाल लिहिली. ‘प्या-रा४.’ राजापुढचं प्यादं चौथ्या घरात. ट्रक आला, गडबड झाली, पुसायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी रिकामं कॅन परत आलं, तेव्हा तिच्या अक्षरांखाली दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं तेच लिहिलेलं होतं. ‘प्या-रा४.’ काळ्याचं उत्तर.

गीताबाई झाकणाकडं बघतच राहिली. सकाळच्या उन्हात खडू चमकत होता.

“बंकटभाऊ, हे कुणी लिवलं?”

“मला काय म्हाईत वैनी. भरलेली कॅनं मी धक्क्यावर उतरतो, धुतलेली घेऊन येतो. का? काय वंगाळ लिवलंय का?”

“न्हाई न्हाई. ब्येस लिवलंय,” ती म्हणाली, आणि झाकण पुसून घोड्याची चाल लिहिली.

असा डाव सुरू झाला. रोज एक चाल जायची, रोज एक यायची. संस्थेचा नंबर कॅनवर रंगवलेला होता, त्यामुळं कॅन चुकत नसे. कोण खेळतंय हे तिनं पुन्हा विचारलं नाही. कधी तिला तो कुणी म्हातारा मास्तर वाटायचा, कधी रजेवर आलेला शिपाई. रात्रीची तहान भागवून माणूस झोपतो, तशी ती उत्तर वाचून निवांत व्हायची. समोरच्याची सुरुवात कच्ची होती. तिनं त्याचं एक प्यादं लवकरच मारलं. पण पुढं तो अजिबात दाद देईना. मोहरी कमी होत गेली तसतसा तो जास्तच सावध झाला. आपण ओल्या वाळूत काहीतरी पकडायला बघतोय आणि ते बोटांतून सरकतंय, असं तिला वाटायचं.

ते शहाऐंशी साल. आधीच्या वर्षीचा पाऊस रुसलेला, त्या वर्षीचा आलाच नाही. आभाळ निळं आणि कोरडं, एखादं भांडं घासून उपडं ठेवावं तसं. विहिरींच्या तळाला चिखल दिसू लागला. कडबा संपला. बाया चरव्या घेऊन यायच्या, पण चरवीच्या तळालाच दूध. कॅन भरेना. मग ट्रक एक दिवसाआड यायला लागला, आणि चालीही एक दिवसाआड. डाव सुकत चाललेल्या ओढ्यासारखा थांबत थांबत पुढं जात होता.

शेवटी मोहनरावांनी सगळ्यांना बोलावलं. ते संस्थेच्या ओट्यावर उभे राहिले आणि हातातली टोपी फिरवत म्हणाले, “ट्रक आता यायचा न्हाई. चार-दोन लिटरसाठी कोण येईल? कड्याच्या साखर कारखान्याच्या माळावर गुरांची छावणी पडलीया. जनावरं तिकडं घेऊन जा. चाऱ्याला उसाचं वाढं मिळतंय, पाण्याचा टँकर येतोय. जनावरं जगली तर संस्था जगंल.”

ट्रकची शेवटची फेरी झाली, तेव्हा पटावर तिचा राजा आणि एक प्यादं होतं. समोर नुसता राजा. प्यादं टोकाला पोचलं की त्याचा वजीर होणार. डाव आपलाच, अशी तिची खात्री होती.

सासूला नणंदेकडं पोचवून गीताबाई दोन गाई घेऊन कड्याला निघाली. गाठोड्यात भाकरी, लुगडं आणि ते पुस्तक.

छावणी म्हणजे एक नवं गावच होतं. माळभर दावणी, दावणींमधून बांबूच्या सावल्या. वाढ्याचा गोडसर वास, धुरळा, हजारो घंटा. दुपारी घंटा हळूहळू थांबायच्या, गुरं रवंथ करत डोळे मिटायची, आणि सगळा माळच झोपेत श्वास घेतोय असं वाटायचं. गीताबाई गाईच्या सावलीत बसून मातीत बोटानं तीन मोहऱ्यांचा डाव मांडायची. मग एक दिवस शेजारणीला गाईंकडं लक्ष ठेवायला सांगून ती उठली आणि शीतकरण केंद्राची वाट विचारत गेली.

केंद्रावर शुकशुकाट होता. धक्क्यामागं एक म्हातारी अंगणात बसून रिकामी कॅनं चुलीच्या राखेनं घासत होती; पाणी जपून वापरायचं म्हणून.

“मावशी, हितं झाकणावर कोण लिवतं? बुद्धिबळाचं?”

म्हातारीचा हात थांबला. तिनं मान वर करून गीताबाईला नीट न्याहाळलं.

“तू कुठली?”

“टाकळवाडीची.”

“अगं बया!” म्हातारीनं राखेचे हात कपाळाला लावले. “मी म्हणत होते, कुणी चष्मेवाला बाप्या आसंल. आन् तू व्हय?”

“मला बी तसंच वाटलं मावशी. म्या तर तुमाला मिशा बी काढल्या होत्या.”

दोघी हसल्या. हसता हसता म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं नाव तुळजाबाई. कॅनं धुणं हेच तिचं काम. मुलगा शिकून पुण्याला नोकरीला लागला होता; त्याचं एक पातळ पुस्तक घरी राहिलं होतं. त्यात फक्त डावाचे शेवट होते. मुलगा तिकडं गेल्यावर संध्याकाळी घर फार मोठं वाटायचं, म्हणून ती ते अक्षर अक्षर लावून वाचायला लागली.

“सुरवात कशी करायची ते त्यात न्हाईच. सगळी मोहरी कशी मांडायची ते पोरानं मागनं दावलं, आन् तुझी पयली चाल तशीच खाली लिवली म्या,” ती म्हणाली. “मला आदी वाटायचं, डाव आसाच आसतो. दोन राजं, यक प्यादं, आन् लई जागा.”

मग तिनं राखेतच पट आखला. खडे मांडले. चाल गीताबाईची होती. तिनं लगेच प्यादं पुढं ढकललं. तुळजाबाईनं आपला राजा प्याद्यापुढं आणून उभा केला. गीताबाईनं राजा मागून आणला, प्यादं आणखी पुढं रेटलं. म्हातारीचा राजा सरळ मागं सरकला. असं करत करत प्यादं अगदी टोकाजवळ गेलं, गीताबाईचा राजा त्याला चिकटून उभा राहिला, आणि म्हातारीनं हात वर केले.

“आता बघ. मला शह हाय का?”

“न्हाई.”

“मला हलायला घर हाय का?”

गीताबाईनं सगळी घरं बघितली. “न्हाई.”

“मग संपलं. तू बी जितली न्हाईस, मी बी हरले न्हाई. बराबरी.”

गीताबाई राखेतल्या पटावर वाकली. इतक्या महिन्यांचा डाव, आणि त्याचा शेवट असा, कुणाचाच नाही. पण तिला वाईट वाटलं नाही. वाळवीनं खाल्लेलं पान समोर राखेत उघडलं होतं.

“माझं चुकलं कुठं?”

“तू प्याद्याला पुढं घातलंस आन् राजाला मागं ठिवलंस. राजानं आदी चालायचं. वाट मोकळी करायची. प्यादं मग आपोआप येतंय.” तिनं खडे पुन्हा मांडले. “दोन राजं समोरासमोर आलं, मदी यक घर मोकळं, की ज्याची चाल आसंल त्याला बाजूला व्हावं लागतं. त्याच्यातच सगळं हाय.”

पुढं छावणी उठेपर्यंत गीताबाई जमेल तेव्हा दुपारी केंद्रावर जायची. म्हातारीकडून ती शेवट शिकली आणि तिला सुरुवात शिकवली. तुळजाबाईला किल्लेकोट फार आवडला. “राजाला घर मिळतंय म्हण की,” असं म्हणून ती गरज नसतानाही किल्लेकोट करायची आणि पटापट हरायची. दोघींनी पुस्तकं बदलून घेतली. भांडणंही झाली. एकदा हातातून सुटलेलं मोहरं परत उचलू द्यावं की नाही, यावरून चार दिवस बोलणं बंद होतं. मग म्हातारीच वाढ्याची मोळी घेऊन छावणीत आली आणि काहीच न बोलता मातीत पट आखायला लागली.

दोन्ही गाई जगल्या. पुढच्या साली संस्था पुन्हा उघडली, पण गीताबाईचं आता नुसत्या झाकणावर भागेना. दर बाजारच्या दिवशी ती कड्याला जाऊ लागली. आश्रुबा परत आला तेव्हा गावातलं काही काही त्यानं ऐकलं होतं.

“लोक म्हणत्यात, तू डोक्यात घोडी पाळलीस.”

“पाळली. तुमी मेंढरं पाळता, मी घोडी.”

त्यानं मातीचा एक घोडा उचलून उलटसुलट बघितला. मग म्हणाला, “चरायला कुठं सोडतीस?” आणि तिनं त्याला पट दाखवला. तो कधी शिकला नाही; पण रानातून येताना चांगल्या लाकडाचे तुकडे आणायचा आणि चाकूनं मोहरी कोरायचा. त्याचे घोडे मेंढ्यांसारखे दिसायचे.

काही वर्षांनी बीडला स्पर्धा होती. दोघी बाया एसटीनं गेल्या. टेबलांवर पोरंसोरं, कॉलेजातली मुलं, घड्याळं. गीताबाईनं असं घड्याळ कधी बघितलं नव्हतं. पहिला डाव ती त्याच्या टिकटिकीतच हरली. दुसरा बरोबरीत सोडवला. तिसरा जिंकली, राजाला प्याद्यापुढं चालवत चालवत. तुळजाबाई तिन्ही हरली आणि प्रत्येक वेळी समोरच्या पोराला म्हणाली, “लई ब्येस खेळलास बाबा.”

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. उन्हं कलली होती, खिडकीतून तुरीची पिवळी रानं मागं सरत होती. मोहरी खाली पिशवीत बांधलेली. तुळजाबाई म्हणाली, “प्या-रा४.” गीताबाईनं उत्तर दिलं. मग दोघी पटाशिवायच खेळत राहिल्या. एक चाल, थोडं रान, पुन्हा एक चाल. तिकिटं फाडायला आलेला कंडक्टर क्षणभर थांबला.

“कुठली भाषा बोलताय मावशी?”

“आमच्याकडची,” तुळजाबाई म्हणाली.

आष्टी मागं पडली तेव्हा घोडे बाहेर आले होते. दोघींचे राजे कोपऱ्यात नीट जाऊन बसले होते. चाल तुळजाबाईची होती, आणि ती खिडकीला डोकं टेकून, ओठ हलवत, विचार करत होती की झोपली होती ते कळत नव्हतं. गीताबाईनं तिला हलवलं नाही. कडा यायला अजून वेळ होता.