मामाचा पाला

मंद्रूपचा माझा मामा हिवतापावर पाला द्यायचा. कुणी कुडकुडत दारात आलं, की हा पहाटे कुणाशी न बोलता रानात जाणार, पाला खुडून आणणार आणि वाटून गोळी करून देणार. पैसे घ्यायचे नाहीत, झाडाचं नाव सांगायचं नाही. नाव ज्याला सांगितलं त्याच्याकडे गुण जातो, अशी तिकडची समजूत.

मी सोलापुरात एका प्रयोगशाळेत वनस्पतींचे अर्क हिवतापाच्या परजीवींवर तपासते. नावासाठी मी मामाच्या मागे हात धुऊन लागले होते. शेवटी एका दुपारी बांधावर उभं राहून त्यानं ते सांगितलं, आणि "आता तुझं तू बघ" म्हणाला. मला तेव्हा नुसता आनंद झाला.

हे परजीवी माणसाच्या रक्तात वाढवावे लागतात. काचेच्या बरणीत रक्ताच्या बशा ठेवायच्या, मेणबत्ती पेटवून झाकण घट्ट लावायचं. मेणबत्ती विझली, की आत उरलेली हवा त्यांना मानवते. मामाच्या पाल्याचा अर्क घातलेल्या बशीत एकही परजीवी उरला नाही. मी खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी होते. मग नीट पाहिलं, तर तांबड्या पेशीही फुटून गेल्या होत्या. निरोगी रक्तात अर्क घातला, तरी तेच. ढेकूण मारायला घर पेटवावं, तसला प्रकार. बशीत होतं ते पोटात गेल्यावर होईलच असं नाही, पण भरवसा कशाच्या जोरावर धरायचा?

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. मामालाच हिवताप झाला होता. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या त्यानं कोनाड्यात ठेवून दिल्या होत्या. मिळेल त्या एसटीनं मी मंद्रूप गाठलं.

मामा गोधडीत मुटकुळं करून पडला होता. पाला खाल्ला का, विचारलं.

"कुटं खातो? उठवंना मला. अन् तुज्या मामीला झाड ठावं न्हाय," तो म्हणाला. "तूच आण की. तुलाच ठावं हाय आता."

"मी नाही आणणार, मामा. त्यानं रक्त फुटतं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"माज्या बापानं लई माणसं उठवली त्या पाल्यानं."

मी पुन्हा समजावलं, मग रडले.

"नाव तुला सांगितलं, तवाच गुण तुज्याकडं गेला," तो शेवटी म्हणाला. "तू गोळी देत असशील, तर गोळी घेतो. पर तुज्या हातानं दे."

मी दिली. वाद घालायची ती वेळ नव्हती. मामा बरा झाला आणि गावभर सांगत सुटला, की गुण आता भाचीच्या हातात हाय.

परवा प्रयोगशाळेच्या फाटकापाशी मंद्रूपची एक बाई तापानं फणफणलेल्या नवऱ्याला घेऊन उभी होती. मी दोघांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, हिवताप निघाला, गोळ्या मिळाल्या. बाईनं पाकीट माझ्यापुढे धरलं.

"तुमच्या हातानं द्या, ताई. तुमच्या मामांनी तसंच सांगितलंय."

मी गोळी काढून दिली. हल्ली मला रजा घ्यायची भीती वाटते. मी नसताना कुणी आलं, तर त्याच्या गोळ्या कोनाड्यातच राहतील.