वार विचारणारी बाई

निवृत्तीनंतर जुन्या केसेस हळूहळू एकमेकींत मिसळायला लागतात. कुठल्या चोरीतला पंच कुठला, हे आता मला खात्रीने सांगता येणार नाही. पण भुताच्या पुस्तकाविरुद्ध तक्रार घेऊन ठाण्यात आलेला एक माणूस आणि त्यानंतरचे काही दिवस अजून जसेच्या तसे डोळ्यांसमोर आहेत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात मी सहायक निरीक्षक होतो. सेक्टर आखून झाले होते, इमारती उभ्या राहत होत्या, माणसं अजून यायची होती. जुईनगरच्या पुढे हायवेपासून थोडं आत एक तीन मजली लॉज होतं. ट्रान्सपोर्टवाले, साइटवरचे इंजिनिअर, फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत तात्पुरती सोय बघणारे, अशी तिथली गिऱ्हाइकं. दोन भावांनी मिळून ते बांधलं होतं. थोरला वारला, तेव्हापासून धाकटा एकटाच चालवत होता.

हा धाकटा भाऊ एक दिवस सकाळी ठाण्यात आला. पांढरा सफारी, कपाळाला गंध, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक कादंबरी. लायब्ररीत भाड्याने मिळतात तसली, वर कवटी आणि पेटलेली खिडकी.

"साहेब, हे वाचा. नाव तेवढं बदललंय. बाकी सगळं आमचं. जिना आमचा, बाथरूमची हिरवी फरशी आमची, मागची खाडी आमची. आणि वरच्या मजल्यावर म्हणे बाईचं भूत. पोरं काउंटरवर येऊन विचारतात, भूतवाली रूम कुठली."

"मग धंदा वाढला असेल," आमचे हवालदार म्हणाले.

तो हसला नाही. "पोरं वरपर्यंत चढतात. मला ते नको. पुस्तक बंद करा आणि लिहिणाऱ्याला उचला."

मी त्याला समजावलं की हा बदनामीचा मामला आहे, पोलिसांना त्यात थेट हात घालता येत नाही. अदखलपात्र नोंद घेतो, पुढे तुम्ही कोर्टात जा. त्याने सही केली, नमस्कार केला आणि दारापर्यंत जाऊन परत वळला.

"त्याला कधी बोलावलंत तर एवढं विचारा साहेब. हे त्याला कोणी सांगितलं?"

तक्रारदार उठून जाताना जे बोलतो ते नीट ऐकावं, असं मी नव्या मुलांना नेहमी सांगत असे. कोणी आपल्याबद्दल खोटं छापलं, तर माणूस विचारतो, 'का छापलं?' 'कोणी सांगितलं' हे माणूस खऱ्या गोष्टीबद्दल विचारतो.

पुस्तक त्याने टेबलावरच सोडलं होतं. घरी नेलं तर सौ. म्हणाली, "हे? सेक्टरमधल्या सगळ्या बायकांनी वाचलंय. त्यातली ती वार विचारणारी बाई वाचल्यापासून बाथरूमला जायची भीती वाटते."

सुट्टीच्या दिवशी मी ते वाचून काढलं. लिहिणं साधारणच होतं. दिवे विझतात, कुत्री रडतात, आरशात कोणीतरी दिसतं. हे सगळं कुठल्याही भूतकथेत चाललं असतं. एकच गोष्ट वेगळी होती. त्या हॉटेलात उतरणाऱ्या प्रत्येकाला बाथरूमच्या झरोक्यातून एका बाईचा आवाज येतो. ती शाप देत नाही, रडत नाही. हळू आवाजात विचारते, "आज वार कोणता?" जो उत्तर देतो, तो पुढच्या त्याच वारी मरतो.

मी तिथे थांबलो. लॉकअपमध्ये ठेवलेली माणसं मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. पहिल्या दिवशी आरोपी वकील मागतो, बिडी मागतो, घरी निरोप द्या म्हणतो. नंतर तो गप्प होतो. आणि मग कधीतरी पहाऱ्यावरच्या शिपायाला विचारतो, "आज वार काय?" ज्याच्या खोलीत सूर्य येत नाही, त्याच्याच तोंडून हा प्रश्न येतो. भुताला वार काय करायचाय?

दुसऱ्या दिवशी लेखकाला बोलावून घेतलं. सरकारी कचेरीतला कारकून, नेरूळला एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहणारा. ठाण्यात पाऊल टाकल्यापासून घामाघूम. मी चहा मागवला.

"ही कल्पना कुठून सुचली?"

"सुचतं साहेब. लेखकाला सुचतं."

"आरसा सुचला असेल. कुत्री सुचली असतील. वाराचं कुठून आलं?"

तो कपाकडे बघत राहिला. मी घाई केली नाही. चौकशीत आरडाओरड करणारा अधिकारी समोरच्याला विचार करायला उसंत देतो. शांत बसलं की ती शांतता त्याला नकोशी होते.

"घरी लहान मुलं," तो अखेर म्हणाला. "लिहायला शांतता मिळत नाही. म्हणून रजा काढून त्या लॉजवर राहिलो होतो. वरच्या मजल्यावर. दुपारी दाढी करत होतो, तर बाथरूमच्या झरोक्याबाहेरच्या डक्टमधून आवाज आला."

"पुस्तकात मध्यरात्र आहे."

"ते मी केलं."

"उत्तर दिलंत?"

"दिलं. गुरुवार म्हणालो. मग घाबरलो. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, मालकांची वहिनी आहे, डोक्यावर परिणाम झालाय, लक्ष देऊ नका. मी त्याच संध्याकाळी खोली सोडली."

"आणि पुस्तक लिहिलंत."



सांगोवांगीवर कोणाच्या घराची झडती घेता येत नाही. मी थोरल्या भावाच्या विधवेची चौकशी सुरू केली. हॉटेलच्या आसपासच्या दुकानदारांना धाकट्याने सांगितलं होतं की वहिनी माहेरी कोकणात गेली. तिकडच्या ठाण्याला वायरलेस केला. त्यांनी तिच्या भावाला गाठलं. भाऊ म्हणाला, "आम्हाला तर तिच्या दिराने कळवलं होतं, ती कोणा महाराजांच्या मठात निघून गेली. लोक काय म्हणतील म्हणून आम्ही गप्प राहिलो." एका बाईचे दोन पत्ते, आणि दोन्हीही त्याच माणसाने दिलेले. आणखी एक गोष्ट कळली. हॉटेलची जागा थोरल्याच्या नावावर होती, म्हणजे आता तिची होती. भाव रोज चढत होते आणि ती विकायला तयार नव्हती.

एवढं हाती आल्यावर दंडाधिकाऱ्यांकडून कोंडून ठेवलेल्या व्यक्तीच्या शोधाचं वॉरंट घेतलं. दोन पंच, एक महिला शिपाई आणि तीन माणसं घेऊन भर दुपारी लॉजवर गेलो. मालक काउंटरवरच होता. वॉरंट वाचून त्याने शांतपणे किल्ली काढून दिली. "वेडी आहे साहेब. घरची इज्जत म्हणून ठेवलीय. नाहीतर ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकली असती."

तिसऱ्या मजल्यावर चादरी-गाद्या ठेवायच्या खोलीच्या मागे आणखी एक दार होतं. कुलूप काढलं. आत पलंग, माठ, एक बादली, आणि वर बाथरूमच्या डक्टकडे उघडणारा एक झरोका. खिडकीला बाहेरून पत्रा ठोकलेला. पलंगावर चाळिशीची एक बाई बसली होती. अंगाने पार वाळलेली, पण केसांचा अंबाडा नीट घातलेला. आम्हाला पाहून ती ओरडली नाही. पदर सारखा केला.

महिला शिपाई म्हणाली, "चला ताई, आम्ही न्यायला आलोय."

"चपला आणल्यात का?" तिने विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"पहिल्याच दिवशी माझ्या चपला नेल्या त्यांनी. मी अनवाणी खाली जाणार नाही. या इमारतीची पहिली कुदळ माझ्या नवऱ्यानं मारली होती."

शिपाई मुलीने आपले बूट काढून तिच्यापुढे ठेवले. ते घालून, कठड्याला धरत, ती तिन्ही जिने स्वतः उतरली. काउंटरपाशी दिराकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अशक्तपणा भयंकर आहे, बाकी बाई तुमच्या-माझ्याइतकी शहाणी आहे. दीर वेडाचाच धोशा लावून होता. मी एवढंच विचारलं, "उपचार कोणाचे चालू होते?" त्याला एकाही डॉक्टरचं नाव सांगता आलं नाही.

मॅनेजरला वेगळं बसवलं. त्याला गुन्ह्याबद्दल काही विचारलं नाही. "तिला जेवायला काय द्यायचास?" एवढंच विचारलं.

"वरणभात. कधी मासे. सोमवारी नको म्हणायची, उपास असतो म्हणून. पण सोमवार कधी ते तिला कळायचं नाही. विचारत राहायची."

"मग सांगायचं होतंस."

"मालकांनी सक्त मनाई केली होती. जेव आणि गप्प बस म्हणायचं. वार नाही, तारीख नाही. डोकं भणाणलं की विक्रीच्या कागदांवर सही करेल म्हणायचे." एवढं बोलून तो रडायला लागला आणि मग सगळंच सांगून मोकळा झाला. पुढे कोर्टात त्याचीच साक्ष कामाला आली.

बाईचा जबाब मी स्वतः घेतला. एक शंका मनात होती, ती विचारली. "तुम्ही वार विचारायचात. 'वाचवा' असं का नाही ओरडलात?"

"सुरुवातीला ओरडले. वाचवा म्हटलं की लोक मॅनेजरला बोलावतात. मग दोन दिवस जेवण बंद. वार विचारला तर निदान ऐकून तरी घेतात."

आपली गोष्ट पुस्तकात आली आहे, हे तिला या जबाबाच्या वेळीच कळलं. लेखकाला भेटायचंय म्हणाली. मला ते फारसं पसंत नव्हतं, पण आपला जबाब नोंदवायला तो आला तेव्हा दोघं समोरासमोर आली. तो हात जोडून उभा राहिला.

"गुरुवार सांगणारे तुम्हीच का?" तिने विचारलं.

"हो. मला माफ करा, वहिनी."

"किती जणांना विचारलं मी. कोणी नळ सोडायचं, कोणी खोली बदलून घ्यायचं. उत्तर तुम्ही एकट्यानंच दिलंत. तिथून पुढे मी वार मोजत गेले. सोमवार चुकू दिला नाही. पण एक सांगा. पुस्तकात मला मेलेली का दाखवलीत?"

 

दिराला पुढे शिक्षा झाली. बाईने हॉटेल विकलं नाही, भावाच्या मदतीने काही वर्षं स्वतः चालवलं. बंदोबस्तावरून येताना आम्ही कधी तिथे जेवायला थांबत असू. वरच्या मजल्यावरची ती खोली तिने पाडून गच्ची केली होती, आणि तिथे पापड वाळत असायचे. लेखकाने भूतकथा सोडल्याचं नंतर कोणाकडून तरी कळलं. खरंखोटं माहीत नाही.

मी पुष्कळ विचार केला आहे, की इतक्या गिऱ्हाइकांनी तो आवाज ऐकला, हजारोंनी ते पुस्तक वाचलं, आणि ठाण्यात आला तो फक्त कुलूप लावणारा. मला वाटतं, माणसं भुताबद्दल मोकळेपणी बोलतात, कारण भुतासाठी काही करावं लागत नाही. तीच जिवंत बाई आहे म्हटलं की उठावं लागतं, दार ठोठावावं लागतं, साक्षीला उभं राहावं लागतं.

त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथे अमुक घरात भूत आहे असं कानावर आलं की मी एक शिपाई पाठवून देत असे. तिथे कोण राहतं, आधी कोण राहायचं, शेवटचं कोणी कधी पाहिलं, एवढं विचारून ये म्हणायचं. हवालदार पाठीमागे हसायचे. बहुतेक वेळा मांजर निघायची, नाहीतर सुटलेला पत्रा. एकदा ऐरोलीत बंद फ्लॅटमधून रात्री कण्हणं येतं अशी सोसायटीत बोंब होती. शिपायाने दार तोडलं तर बाथरूममध्ये पडून पाय मोडलेले एक एकटे आजोबा सापडले, जिवंत. मांजरांपायी झालेल्या हेलपाट्यांबद्दल त्यानंतर कोणी कुरकुर केली नाही.