आमच्या बँडचा भोंगा

नव्वदच्या दशकात बारामतीत बँड म्हटलं की लोक लग्नाची तारीख सांगत. म्हणून माझ्या मित्राने आपल्या बँडला ‘प्रायोगिक’ हे विशेषण जोडलं. मग लोक तारीख सांगून विचारू लागले, “प्रयोगच हाय तर फुकट याल की?”

मित्र कीबोर्डवर असे. गिटारवाला निम्म्या तारांवर भागवे. वरकुटे गावचा एक जण पत्र्याचं पिंप बडवे. मी निवेदक, कारण ही गाणी आधी समजावून सांगावी लागत. एरवी ती सुरू झाली की अजून जुळवाजुळव चालली आहे, असा समज होई.

मित्राचे वडील इंदापूर रस्त्यावरच्या एका साखर कारखान्यात फिटर होते. त्यांनी बजावलं, “वसाहतीच्या संमेलनात वाजवून दाखीव. लोकं बसली तर खुशाल कर बँड. उठली तर गुमान माझ्यासंगं कारखान्यात.”

मित्र जिद्दीला पेटला. लोकांच्या जगण्यातलं संगीत लोकांना परत द्यायचं, असं तो म्हणू लागला. त्यासाठी त्याने बैलगाड्यांचे घुंगरू टेप केले, उसाच्या मोळ्या पडल्याचा आवाज टेप केला आणि पाळी बदलतानाचा कारखान्याचा भोंगाही.

संमेलनाच्या संध्याकाळी पटांगण भरलं. वडील पुढच्या रांगेत, धुतलेल्या टोपीत. कार्यक्रमानंतर त्यांची पाळी होती, म्हणून डबा पायाशी. पहिली गाणी लोकांनी शांतपणे सोसली. कारखान्याच्या सर्वसाधारण सभांना बसलेल्या माणसाला गोंधळाचं काही वाटत नाही.

मग टेपवर भोंगा वाजला.

पहिले उठले ते वडील. त्यांच्यामागे आख्खी पाळी, डबे आणि सायकली. बायका पोरं गोळा करून भाकरी टाकायला निघाल्या. गिटारवाला उरलेल्या धुळीसमोर वाजवत राहिला.

मित्र मंचावरून उडी टाकून धावला. “आबा, तुमी तरी बसायचं!”

“भोंगा झाला न्हवं?”

“टेपवरचा हुता. आमचा!”

“भोंग्यात आमचा-तुमचा आसतंय व्हय?” वडिलांनी सायकलवर टांग मारली, मग जरा थांबले. “पर लई खरा वाजला रं.”

कलेबद्दल त्यांनी काढलेले चांगले शब्द एवढेच.

बँड तिथेच विरला. पुढच्या हंगामात मित्र कारखान्यात लागला आणि काही दिवसांनी भोंगा वाजवायचं काम त्याच्याकडेच आलं. मी भेटलो तेव्हा विचारलं, कसं चाललंय?

“लोकं तीच हायेत,” तो म्हणाला. “उठून गेली तर आता वाईट वाटत न्हाय.”