आत्याने वाचून दाखवलेलं पुस्तक

"रकाना येणार नाही, बाई."

"रकाना कुठे म्हणतेय मी? एक ओळ म्हणतेय."

"ओळीच्या चारी बाजूंना रेघा मारल्या की तिला रकानाच म्हणतात."

"मग मारू नका रेघा. तुम्हाला कोणी सक्ती केलीय?"

छापखानेवाला नव्या कार्डाचं प्रूफ मांडीवर घेऊन दोघांकडे आळीपाळीने बघत होता. बाराच्या आत मशीनवर चढवायचंय, हे त्याने दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा सांगायचं सोडून तो चहा प्यायला लागला होता.

भांडत होते माझी आत्या आणि मास्तर; मी कोपऱ्यात चादरी मोजत होते. मास्तर म्हणजे निवृत्त भूगोल-शिक्षक, अजूनही बोलताना भिंतीवर नकाशा असल्यासारखे हात करणारे. जागा नेहमीचीच, हॉस्पिटलच्या मागे ऑक्सिजनच्या रिकाम्या सिलिंडरांच्या शेडला लागून असलेली खोली. खोलीचं खरं नाव पाटीवर दोन ओळींत कसंबसं मावलंय, पण सगळे म्हणतात 'तीन खुर्च्या'. अठरा वर्षांपूर्वी तीन धर्मांची चार-दोन माणसं एकत्र आली, प्रत्येक धर्माच्या माणसांनी आपल्या प्रार्थनेच्या जागेतून एकेक खुर्ची आणली आणि काम सुरू झालं. त्यातल्या एका खुर्चीचा पाय डुगडुगतो. ती नेमकी कोणी आणली यावर अजून एकमत नाही. प्रत्येक जण ती उरलेल्या दोघांची म्हणतो.

काम साधं आहे. बाहेरगावच्या नातेवाइकांना अंघोळीला आणि पाठ टेकायला जागा, कुबड्या, चाकाची खुर्ची, पांघरूण, आणि ज्याच्याजवळ कोणीच नाही त्याच्या उशाशी बसायला माणूस. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड असतं. नाव, वय, वॉर्ड, सोबत कोण, काय हवं. धर्म नाही. पहिल्या बैठकीत तो रकाना होता. आत्याने तो सगळ्यांदेखत पेनाने खोडला होता.

"खोडताना काय म्हणाला होतात, आठवतंय?" मास्तर म्हणाले. "ताप मोजायला पारा लागतो, देव लागत नाही. अठरा वर्षं मी हे वाक्य नव्या माणसांना ऐकवतोय. अर्ध्या लोकांना वाटतं माझंच आहे."

"ठेवा तुम्हालाच," आत्या म्हणाली. "मला नकोय आता."

तिचा आवाज चढला नव्हता. तो कधी चढत नाही. एकोणतीस वर्षं ती याच हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होती. कानाला हेडफोन, समोर भोकांची फळी, आणि गावातल्या प्रत्येक घराला कधी ना कधी ऐकू आलेला तो खालच्या पट्टीतला आवाज. "जोडून देते हं, धरून ठेवा." भाजी घ्यायला गेली की भाजीवाली न बघता म्हणायची, "या एक्स्चेंजबाई." आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं तेव्हा तिला रेकॉर्ड रूमला टाकलं. तिथे ती दीड वर्ष फायलींशी बोलली आणि मग राजीनामा देऊन मोकळी झाली.

रकाना तिने का खोडला, हे आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. आतोबा घड्याळं दुरुस्त करायचे. ते आमच्यातले नव्हते. लग्नाला दोन्हीकडून कोणी आलं नाही. एकवीस वर्षांनी ते याच हॉस्पिटलात शेवटच्या दुखण्यात पडून होते, तेव्हा मात्र दोन्हीकडचे आले, हातात आपापलं पुस्तक घेऊन. खाटेच्या एका बाजूला त्यांचे थोरले भाऊ आणि दुसऱ्या बाजूला माझे बाबा. शेवटी कोणाच्या पुस्तकातलं वाचायचं, पुढचं सगळं कोणाच्या पद्धतीने करायचं, यावरून जुंपली. प्रवेशाच्या कागदावर धर्माच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघायला बाबा खाली ऑफिसापर्यंत जाऊन आले. आतोबा मध्ये आडवे. त्यांनी एकदाच डोळे उघडले आणि म्हणाले, "कोणीतरी जरा रेडिओ लावा." त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

आत्याने घरातली दोन्ही पुस्तकं एका फडक्यात बांधली आणि कपाटावर टाकली. ती तिथेच आहेत. बाबांनी पुढे बऱ्याच वेळा माफी मागायचं ठरवलं होतं, असं आई सांगते. त्यांचं ठरवणंच चालू राहिलं, आणि एक दिवस तेही गेले.

तर हे सगळं पाठीशी घेऊन ती वॉर्डात जायची. नव्या पेशंटला पहिल्याच दिवशी सांगायची, "इथे धर्मबिर्म कोणी विचारत नाही हं. देवाचा विषय आमच्यात बंद. निर्धास्त राहा." लोक खरंच निर्धास्त व्हायचे. मी स्वतः पाहिलंय.

रंगाऱ्यालाही तिने तेच सांगितलं.

तो घरं रंगवायचा. बोटांच्या पेरांत पांढरा रंग कायमचा बसलेला. घशाला भोक पाडून नळी घातली होती. बोलायचं तर नळीवर बोट ठेवावं लागे, म्हणून शब्द मोजून यायचे. जवळ कोणी नव्हतं. एक बहीण होती, दोन दिवसांच्या प्रवासावर. त्याने दुसऱ्या दिवशी बोट ठेवलं आणि विचारलं, "पुस्तक वाचणारं... आहे कोणी?"

आत्याला कोण आनंद झाला. माझ्याकडे येऊन म्हणाली, "अगं, इतक्या वर्षांत पहिला वाचनवेडा भेटला." स्वतःच्या कपाटातली सगळ्यात झकास खूनकथा काढली. मुखपृष्ठावर सुरा, सुऱ्याच्या टोकाला थेंब. रंगाऱ्याने मुखपृष्ठ बघितलं, आत्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. आवडलं, असं तिने धरलं.

अकरा दिवस, पाळी असो-नसो, ती रोज तासभर वाचत होती. तो डोळे मिटून ऐकायचा. तिने कधी एवढा शांत श्रोता पाहिला नव्हता. बंगल्याचा मालक मेला, पुतण्यावर संशय आला, स्वयंपाकीणबाई खोटं बोलतेय हे उघड झालं, तरी याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. अकराव्या दिवशी त्याने बोट ठेवून एकच शब्द विचारला. "माळी?"

"आत्ताच सांगायचं नाही," आत्या हसली. "दोन प्रकरणं राहिलीत. उद्या."

उद्या खाट रिकामी होती. पुस्तकात खूण म्हणून घातलेलं कापसाच्या पाकिटाचं कागदी वेष्टण होतं तिथेच राहिलं.

तिसऱ्या दिवशी बहीण पोचली. तीन खुर्च्यांतच बसली होती, नेमकी डुगडुगणाऱ्या खुर्चीवर, आणि डुगडुगू नये म्हणून एक पाय जमिनीला घट्ट लावून. आत्याने तिला पाणी दिलं, सांगण्यासारखं सगळं सांगितलं. बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाचून दाखवत होतं ना कोणीतरी?"

"मीच," आत्या म्हणाली. त्या 'मीच'मधला अभिमान तिला अजून ऐकू येतो, असं ती म्हणते.

बहिणीने पिशवीतून पत्र काढलं. नर्सकडून कागद मागून त्याने लिहिलेलं, नर्सनेच पोस्टात टाकलेलं. अक्षर वाकडं, पण वाचता येण्यासारखं. 'इथली माणसं चांगली आहेत. एक बाई रोज येऊन वाचून दाखवते. आपलं पुस्तक इथे चालत नाही, पहिल्याच दिवशी सांगितलं. पण बाईंचा आवाज फार चांगला आहे. मी डोळे मिटतो आणि त्या आवाजात आपलंच ऐकतो.'

कुठलं पुस्तक, ते बहिणीने सांगितलं. आत्या ते कोणाला सांगत नाही. म्हणते, नाव सांगितलं की लोक पुढचं ऐकतच नाहीत.

बहीण रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठताना एवढंच म्हणाली, "खरंच चांगला आहे हो तुमचा आवाज."

याला पाच आठवडे झाले. तेव्हापासून आत्या वॉर्डात गेली नाही. रोज येते, चादरींच्या घड्या घालते, कुबड्यांची रबरं बदलते. तिचं करड्या रंगाचं जाकीट, जे घातल्याशिवाय वॉर्डात सोडत नाहीत, खुंटीला लटकलेलं असतं. दर मंगळवारची तिची पाळी मास्तर काढतात आणि पेशंटला सांगतात, बाईंना सर्दी झालीय. पाच आठवड्यांची सर्दी.

"त्या रंगाऱ्याचं मलाही वाईट वाटतं," मास्तर म्हणत होते. "पण एका माणसासाठी दार उघडलं की मागून कोण कोण शिरतं, ते तुम्हीच आम्हाला शिकवलंत. मागच्या वर्षी शेजारच्या खाटेवर कोण आहे ते नुसत्या नावावरून ताडून एकाने खाट बदलून मागितली होती. आता तर छापून देणार आपण."

"मी धर्म विचारत नाहीये, पुस्तक विचारतेय. कोणी खूनकथा सांगेल, कोणी रेल्वेचं वेळापत्रक सांगेल."

"आणि कोणी ते सांगेल."

"सांगू दे ना, मास्तर. सांगू दे." ती थांबली. "त्याने मला विचारलं होतं हो. मीच आधी तोंड बंद करून ठेवलं होतं त्याचं. धर्म विचारत नाही म्हणता म्हणता मी त्याला बोलायचीच बंदी केली. माझ्या घरातलं भांडण त्याच्या उशाला नेऊन ठेवलं मी."

छापखानेवाल्याने रिकामा कप आवाज न करता खाली ठेवला.

 मास्तरांनी प्रूफ ओढून घेतलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि 'काय हवं'च्या खाली फळ्यावरच्यासारख्या गोल अक्षरात लिहिलं : वाचून दाखवायचं झालं तर कुठलं पुस्तक वाचू? छापखानेवाल्याला म्हणाले, "रेघा मारू नका." तो सुटल्यासारखा उठला आणि गेला.

जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. आत्या हात मांडीवर ठेवून बसून होती. पुस्तक तिच्या पिशवीतच असतं हल्ली; त्याचा सुऱ्याचा कोपरा वर आला होता.

"आता एक विचारू, बाई?" मास्तरांचा आवाजही खाली आला. "वाद म्हणून नाही. ओळ छापली की ती विचारावी लागणार, आणि उत्तर आलं की वाचावं लागणार. येत्या मंगळवारी पहिल्याच खाटेवरचा म्हणाला, बाई, अमुक वाचा. आणि ते तुमच्या त्या फडक्यातल्या दोहोंपैकीच एक निघालं. वाचाल तुम्ही?"

आत्याने त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्यात कुठेतरी असलेल्या माझ्या बाबांकडे, असं मला वाटलं. ती उठली. खुर्ची डुगडुगली, तिने हाताने तिला स्थिर केलं. खुंटीवरचं जाकीट काढलं, पण घातलं नाही, नुसतं हातावर टाकलं. पिशवीतलं पुस्तक काढून टेबलावर, मास्तरांच्या पुढ्यात ठेवलं. कापसाच्या पाकिटाचं वेष्टण अजून होतं तिथेच होतं.

मास्तर उत्तरासाठी थांबले होते. ती दाराबाहेर पडली आणि सिलिंडरांच्या शेडला वळसा घालून घराकडे, कपाटावरच्या त्या फडक्याकडे, निघून गेली.